साबणाच्या वड्यांचा हिशेब: द्विध्रुवीय विकार आणि मंत्रचळ एकत्र आढळलेले एक प्रकरण

आधी एक खुलासा करणे आवश्यक आहे. या लेखातील रुग्ण म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. मनोविकार विभागात पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या वळणांवरून हे प्रकरण रचलेले आहे, त्यामुळे गाव, व्यवसाय आणि नाती यांचे तपशील कोणाशी जुळले तर तो योगायोग समजावा. औषधे, त्यांच्या मात्रा, तपासण्या आणि कायद्याच्या तरतुदी मात्र प्रत्यक्ष व्यवहारातल्याच आहेत.

रुग्ण ३६ वर्षांची विवाहित स्त्री, सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणारी, वाणिज्य शाखेची पदवीधर आणि स्थानिक पतसंस्थेत लेखनिक. घरी पती, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. पतीचे कृषी सेवा केंद्र आहे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पती आणि धाकटा दीर तिला घेऊन आले. गेले दहा-बारा दिवस ती रात्री जेमतेम दोन-अडीच तास झोपत होती आणि तरीही थकत नव्हती. गौरी-गणपतीसाठी तिने गल्लीतल्या घरांकडून पाचशे उकडीच्या मोदकांची मागणी घेतली होती, आणि त्याच आठवड्यात बचत गटाच्या नावाने अकरा शिलाई मशीन मागवून मोकळी झाली होती. त्यासाठी सासूबाईंच्या मुदतठेवीवर कर्ज उचलले गेले आणि पाटल्या गहाण पडल्या. एकूण रक्कम तीन लाख चाळीस हजार. घरच्यांनी जाब विचारला तेव्हा पहिल्यांदाच तिने सासूबाईंना अरेतुरे केले. विसर्जनाच्या रात्री अडीच वाजता ती एकटीच नदीकडे चालत निघाली होती, कारण गणपती जाताना फक्त तिच्याशी बोलून गेला होता आणि उरलेला निरोप घाटावर मिळणार होता.

सोबत आणलेल्या फायलीच्या पहिल्या पानावर निदान एकच होते: ओसीडी, म्हणजे आपल्याकडे ज्याला जुन्या काळापासून मंत्रचळ म्हणतात तो विकार: नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येणे आणि तो शमवण्यासाठी हात धुण्यासारखी एखादी क्रिया पुन्हा पुन्हा करणे. पाच वर्षांपासून सर्ट्रालिन हे नैराश्यावरही दिले जाणारे औषध चालू होते. मात्रा हळूहळू वाढवत ज्येष्ठ महिन्यात ती दिवसाला २०० मिलिग्रॅमवर नेलेली होती. मंत्रचळात या गटातील औषधांची मात्रा नैराश्यातल्यापेक्षा जास्त लागते आणि परिणाम दिसायला दहा-बारा आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे निव्वळ त्या एका निदानाकडे पाहिले तर आधीच्या डॉक्टरांनी केलेली वाढ पुस्तकाला धरूनच होती.

तपासणीत तिचे बोलणे अखंड होते, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या होत्या, आणि मध्ये कोणी थांबवले की स्वर चढत होता. “तुम्ही लिहू नका, नुसतं ऐका, लिहिण्यात वेळ जातो,” असे तिने मला दोनदा बजावले. यंग यांच्या उन्माद मापनीवर ६० पैकी ३४ गुण आले. मात्र माझे लक्ष गुणांपेक्षा तिच्या हातांकडे अधिक होते. बोटांच्या पेरांवर जुन्या भेगांचे पांढुरके व्रण होते, पण ताजी भेग एकही नव्हती. दाराची कडी, बाकडे, शेजारच्या रुग्णाचा मोबाइल, सगळे काही ती बिनदिक्कत हाताळत होती. आणि फायलीनुसार हीच बाई गेली कित्येक वर्षे दार कोपराने उघडत होती.

याविषयी विचारल्यावर पतीच्या चेहऱ्यावर अभिमान आणि गोंधळ एकाच वेळी उमटला. “साहेब, तो आजार तर बरा झाला होता. आषाढापासून धुणंच बंद. आम्ही पेढे वाटले.”

पेढे वाटण्यात घरच्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. रोज पाच तास नळाखाली उभी राहणारी सून एका महिन्यात मोकळी झाली तर कोणाला आनंद होणार नाही? अडचण अशी की त्या पाच वर्षांत तिच्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाने, त्यात डॉक्टरही आले, धुण्याचे तासच मोजले, आणि ते तास कशामुळे कमी-जास्त होतात हा प्रश्न कोणाला पडलाच नाही.

मागचा इतिहास

पहिली घटना १९व्या वर्षीची. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात ती दोन महिने अंथरुणातून उठत नव्हती, जेवण तुटले होते, परीक्षा बुडाली. घरात त्याची नोंद ‘अभ्यासाचा ताण’ अशी राहिली आणि उपचार झाले नाहीत. पुढची आठ वर्षे ठीक गेली.

२७व्या वर्षी बाळंतपण झाले. दहाव्या दिवसापासून ती झोपेनाशी झाली; रात्रभर गाणी म्हणे, बाळाच्या नावाने शाळा काढण्याच्या योजना सांगे, आल्यागेल्याला साड्या वाटे. माहेरच्या मंडळींनी याला बाळंतवात म्हटले. गावातल्या डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी आणि झोपेच्या गोळ्यांनी तीन आठवड्यांत ते ओसरले आणि कोणताही कागद मागे उरला नाही. ही घटना फायलीत कुठेच नव्हती, कारण ती कोणी विचारली नव्हती आणि घरच्यांच्या लेखी तो बाळंतपणाचा भाग होता, मनाचा आजार नव्हता. वास्तविक, बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा स्त्रीच्या आयुष्यात द्विध्रुवीय विकार (ज्यात मन कधी उन्मादात चढते, कधी नैराश्यात उतरते) उफाळून येण्याचा सर्वांत धोक्याचा काळ असतो. प्रसूतीनंतर अचानक सुरू होणारा तीव्र मनोविकार हजार बाळंतपणांत एक-दोघींना होतो आणि त्यातील बऱ्याच जणींचा मूळ आजार हाच निघतो.

बाळ पाच महिन्यांचे असताना वेगळेच काही सुरू झाले. भाजी चिरताना विळी बाळाला लागेल, आपल्याच हातून लागेल, असे चित्र डोळ्यांसमोर येई आणि तिला घाम फुटे. विळी आधी माळ्यावर गेली, मग घराबाहेर गेली. त्यानंतर हातांना काहीतरी चिकटून राहिले आहे आणि ते बाळाला लागेल ही भीती आली, आणि धुणे सुरू झाले. येथे एक भेद स्पष्ट करणे भाग आहे, कारण त्यावर बाळाची सुरक्षा अवलंबून असते. मंत्रचळातला असा विचार त्या आईला स्वतःला किळसवाणा वाटतो, ती त्याच्यापासून पळते, बाळाजवळ जायला घाबरते. अशा आईकडून बाळाला इजा होण्याची शक्यता फार कमी. उन्मादातील किंवा भ्रमातील आईला मात्र तो विचार आज्ञा किंवा सत्य वाटू शकतो, आणि तेव्हा बाळाला तिच्याजवळ एकटे ठेवणे धोक्याचे असते. या रुग्णाला आयुष्यात दोन्ही अवस्था येऊन गेल्या होत्या, पाच महिन्यांच्या अंतराने, आणि नोंद फक्त मंत्रचळाची झाली.

किराण्याची वही

औषधे लिहून देण्याआधी काळाचा तक्ता मांडणे आवश्यक होते. पण घरच्यांना महिने आठवेनात. सासूबाईंना सण आठवत होते, पतीला पेरण्या आठवत होत्या. शेवटी उपयोगी पडली ती किराणा दुकानाची उधारीची वही. पती स्वतः दुकानदार असल्यामुळे त्याने सात वर्षांच्या वह्या जपून ठेवल्या होत्या. दोन दिवसांनी तो त्या घेऊन आला आणि आम्ही अंगाच्या साबणाच्या वड्या महिन्यावार मोजल्या.

चार माणसांच्या त्या घराला महिन्याला सरासरी चार वड्या पुरत. वाईट महिन्यांत हा आकडा चौदा-सोळापर्यंत गेलेला होता. या महिन्यांशेजारी पतसंस्थेच्या हजेरीपटावरच्या रजा मांडल्या तेव्हा दोन्ही एकमेकांना चिकटून आले: साबण जास्त त्या महिन्यांत रजाही जास्त, जेवण कमी, पहाटे तीनला जाग, आणि ‘माझं जगून काय उपयोग’ ही वाक्ये. म्हणजे मंत्रचळ वाढत होता तो नैराश्याच्या पाठीवर बसून. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते दुसरे टोक. सात वर्षांत तीन वेळा साबणाचा आकडा अचानक दोनवर उतरला होता. एका वेळी तिने एकटीने चार दिवसांत सगळे घर रंगवले होते. एका वेळी दोन टपाली अभ्यासक्रमांना पैसे भरून एकही पुरा केला नव्हता. तिसरी वेळ आत्ताची, शिलाई मशीनांची. घर रंगवले तो चैत्र होता आणि तेव्हा सर्ट्रालिन अजून सुरूही झाले नव्हते.

निदानाच्या दृष्टीने हा चैत्र निर्णायक ठरला. नैराश्यावरची औषधे घेत असताना उन्माद आला तर तो औषधाचा परिणाम की मूळ आजार, असा प्रश्न नेहमी उभा राहतो. येथे बाळंतपणानंतरची घटना आणि तो चैत्र, दोन्ही औषधाविना घडलेले होते. सर्ट्रालिनने आग लावली नाही. लागू पाहणाऱ्या आगीत तेल ओतले. निदान लिहिले ते असे: द्विध्रुवीय विकार, प्रकार एक (ज्यात पूर्ण उन्माद येतो), सध्या भ्रमासह उन्माद, सोबत मंत्रचळ, ज्याची तीव्रता मनःस्थितीच्या चढउतारांशी बांधलेली आहे.

‘सोबत’ या शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. एकाच व्यक्तीत दोन विकार एकत्र नांदणे ही या आजारात अपवादाची गोष्ट नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या लोकसंख्या-पाहणीत द्विध्रुवीय विकाराच्या पहिल्या प्रकारातील सुमारे ६१ टक्के लोकांना आयुष्यात कधी तरी दारू किंवा अन्य मादक पदार्थांचा विकार झालेला आढळला होता; चिंताविकारांचे प्रमाणही निम्म्याच्या आसपास असल्याचे वेगवेगळे अभ्यास सांगतात. सर्वसाधारण लोकसंख्येत मंत्रचळ दोन-तीन टक्के लोकांत आढळतो. द्विध्रुवीय रुग्णांत तो त्याच्या काही पट अधिक दिसतो. दारू दिसते, तिचा वास येतो, त्यामुळे ती किमान विचारली तरी जाते. मंत्रचळ मात्र आपल्याकडे सोवळ्याओवळ्याच्या, नीटनेटकेपणाच्या आणि ‘आमची सून फार स्वच्छ’ या कौतुकाच्या आड वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. या घरात पहिले वर्षभर तेच झाले.

उपचार

तिला दाखल होणे मान्य नव्हते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८९ खाली पतीच्या, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून आणि दोन स्वतंत्र तपासण्यांनंतर तिला दाखल केले गेले. या कलमाखाली रुग्णाला ३० दिवसांपर्यंत ठेवता येते. ती सतराव्या दिवशी स्वतःच्या संमतीने राहू लागली आणि चोविसाव्या दिवशी घरी गेली.

सर्ट्रालिन थांबवले. मनःस्थिती स्थिर ठेवणारे मूळ औषध म्हणून व्हॅल्प्रोएट लवकर परिणाम देते हे खरे, पण ते गर्भाच्या मज्जासंस्थेला गंभीर अपाय करू शकते. आणि तिला दुसरे मूल हवे होते, हे तिने उन्मादाच्या भरातही चार वेळा सांगितले होते. त्यामुळे लिथियम निवडले. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला तेव्हापासून आजतागायत हे औषध टिकून आहे, त्याचे कारण ते उन्मादाबरोबर आत्महत्येचा धोकाही कमी करते. मूत्रपिंड, थायरॉइड, कॅल्शियम, हृदयाचा आलेख आणि गर्भचाचणी पाहून दिवसाला ९०० मिलिग्रॅमवर आल्यानंतर सहाव्या दिवशी, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतलेल्या रक्तात पातळी ०.८२ आली. सुरुवातीच्या दिवसांसाठी उन्माद आणि भ्रम शमवणारे ओलांझापिन जोडले होते. झोप चौथ्या रात्री सहा तासांवर गेली, आणि गणपतीचा निरोप दुसऱ्या आठवड्यात आपोआप विरला.

आता खरी कसोटी आली. दिवाळीच्या सुमारास ती नैराश्यात उतरली. पहाटेची जाग परतली, बोलणे आटले, आणि धुणेही परतले. वसुबारसेच्या आठवड्यात येल-ब्राउन मापनीवर मंत्रचळाचे ४० पैकी २९ गुण होते, म्हणजे तीव्र. किराण्याच्या वहीत त्या महिन्यात तेरा वड्या. पती, सासूबाई, माहेरचे भाऊ असे सगळे मिळून आले आणि मागणी एकच होती: आधीची गोळी परत सुरू करा, तिनेच तर धुणे थांबले होते.

ही मागणी चुकीची होती, पण मूर्खपणाची नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर पुरावा होता. मी वहीचा तक्ता पुढे ठेवला आणि दोनच्या आकड्यावर बोट ठेवून त्या महिन्यात आणखी काय झाले ते त्यांनाच वाचायला लावले. सासूबाईंनी बराच वेळ तक्त्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “म्हंजे ती बरी झाली न्हवती, वर गेली व्हती.” यापेक्षा नेमके वर्णन मला सुचले नसते.

सर्ट्रालिन परत सुरू केले नाही. ओलांझापिनमुळे काही रुग्णांत मंत्रचळाची लक्षणे वाढतात, म्हणून ते हळूहळू काढून क्वेटियापिन ३०० मिलिग्रॅमपर्यंत नेले, जे द्विध्रुवीय नैराश्यावर चालते, आणि लिथियमची पातळी ०.८ च्या जवळ ठेवली. या काळात मरणाचे विचार उघड होते. लिथियमच्या गोळ्या जास्त घेतल्या तर जीवघेण्या ठरतात, म्हणून एका वेळी पंधराच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि त्या दिराच्या कपाटात कुलपात राहिल्या. रात्री-अपरात्री बोलण्यासाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिला गेला. सहा आठवड्यांनी जेवण सुधारले, आणि जेवणाबरोबर, मंत्रचळावर वेगळे औषध न देताही, धुण्याचे तास पाचांवरून अडीचवर आले.

उरलेल्या अडीच तासांसाठी वर्तनोपचार होता. भीती वाटणाऱ्या गोष्टीला सामोरे जायचे आणि ठरलेली क्रिया करायची नाही, ही पद्धत १९६६ साली व्हिक्टर मायर यांनी मांडली आणि मंत्रचळावर आजही तीच पहिली मानली जाते. नैराश्य खोल असताना ती सुरू केली असती तर दुसऱ्या दिवशी तिने सोडली असती. म्हणून ती पौषात सुरू केली. पायऱ्या तिनेच ठरवल्या. पहिली पायरी दाराची कडी, शेवटची पायरी विळी. विळी अडगळीतून काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायची, मुलगी समोर अभ्यासाला बसलेली असताना मेथी निवडून चिरायची, आणि नंतर एक तास हात धुवायचे नाहीत. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांनी तिने हात धुतले आणि रडली. नवव्या दिवशी तास पूर्ण झाला.

सासूबाईंचाही उपचार करावा लागला, असे म्हणायला हरकत नाही. सुनेची दया येऊन त्या रोज तिच्यासाठी वेगळे भांडे, वेगळा टॉवेल ठेवत, ‘धुतलंय गं, मी पाह्यलंय’ असे दहा वेळा सांगत. ही खात्री देणे मायेचे असते, पण आजार त्यावरच पोसतो. त्यांना एक वाक्य शिकवले, ‘ते तुझं तू ठरव’, आणि त्यांनी ते शिकताना सुनेपेक्षा अधिक त्रास सोसला.

एक चूक आमची

पुढच्या वर्षीच्या नवरात्रात ती हात थरथरत, जुलाबांनी बेजार होऊन आली. चालणे अडखळत होते. लिथियमची पातळी १.४ होती. नऊ दिवसांचा अळणी उपवास, पाणी कमी, आणि गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून घेतलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या, असे तिन्ही एकत्र आले होते. शरीरातील मीठ आणि पाणी घटले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते, आणि वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात. वेदनाशामकांविषयी आम्ही सांगितले होते, उपवासाविषयी विचारलेच नव्हते. महाराष्ट्रात लिथियम लिहून देताना आषाढी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र यांची चौकशी कागदावर हवी, हे आम्हाला उशिरा सुचले. लिथियम थांबवून सलाईन दिल्यावर तीन दिवसांत ती सावरली. औषध कमी मात्रेने पुन्हा सुरू झाले. त्यानंतर तिने फळे, दूध आणि मिठाचे ताक चालणारा उपवास धरला. भटजींनी त्याला हरकत घेतली नाही.

कर्जाचे काय झाले तेही सांगायला हवे, कारण घरात औषधांपेक्षा त्याचीच चर्चा अधिक चालली. व्यापाऱ्याने सात मशीन तोट्यात परत घेतल्या, चार राहिल्या. त्यांतील दोन खरोखरच बचत गटात चालू आहेत. बऱ्या अवस्थेत तिने मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे आगाऊ निर्देश लिहून ठेवला: पुन्हा उन्माद आला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि प्रतिनिधी म्हणून नवरा नव्हे तर थोरली बहीण. नवऱ्याला याचे वाईट वाटले. बहीण जास्त कडक आहे, एवढेच तिने कारण दिले. पाटल्या बहिणीकडेच आहेत.

सध्या दोन वर्षे झाली. मंत्रचळाचे गुण ११ वर आहेत, दिवसातला पाऊण तास अजून जातो. लिथियमची पातळी ०.७, थायरॉइड दर सहा महिन्यांनी. दुसऱ्या मुलाचा विषय चालू आहे. गर्भारपणात लिथियमची मात्रा, पहिल्या तिमाहीतील हृदयाची सोनोग्राफी आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यातील झोप कोण सांभाळणार, यावर दोन बैठका झाल्या आहेत. किराण्याची वही अजून येते. गेल्या महिन्यात पतीचा दूरध्वनी आला तेव्हा त्याने खुशाली सांगितली नाही, एवढेच म्हणाला, “साहेब, या महिन्यात दोनच वड्या लागल्यात.” झोप विचारली तर चार तासांवर आली होती. भेट तीन आठवड्यांनी ठरलेली होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली, रक्त तपासायला पाठवले आणि क्वेटियापिनची रात्रीची मात्रा वाढवली. आठवड्याने झोप सहा तासांवर गेली. तिसरी वडी त्यानंतर आणली.